पुठ्ठ्याच्या आतली पेन्सिल

मंगळवारी सकाळी सिस्टरने फायलीकाकांच्या टेबलावर एक अर्ज ठेवला आणि ती म्हणाली, "घ्या काका, बोहनी झाली."

नव्या नियमांखाली आलेला तो पहिलाच अर्ज होता. 'मला माझ्या संपूर्ण फाईलची नक्कल मिळावी.' खाली सही, सहीखाली नाव. नाव वाचून काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चष्म्याचा काही दोष नव्हता. अर्ज त्यांच्या होणाऱ्या विहीणबाईंचाच होता. लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि त्या फाईलच्या पुठ्ठ्याच्या आत काकांनी स्वतःच्या हाताने अशी एक ओळ लिहून ठेवली होती की ती वाचून कोणतीही विहीणबाई लग्न मोडून उठली असती.

काका दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात सत्तावीस वर्षं फायली सांभाळत होते. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच ते राहिलं होतं. स्वभाव मुळात भिडस्त. खिडकीपलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं त्यांना कधी जमलं नाही. खिडकीच्या फळीवर जे येई तेवढंच त्यांना दिसे: हात, पिशव्या, छत्र्या, चष्म्याची घरं. त्यामुळे चेहरे लक्षात राहत नसत. यावर त्यांनी फार पूर्वीच एक तोड काढली होती. प्रत्येक फाईलच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, टोकदार पेन्सिलीने एकदोन ओळी. 'अंगठ्याला पट्टी. कमी ऐकू येतं, पण कबूल करत नाही.' 'गोळ्या घेत नाही, खिशात ठेवतो.' 'बायको सोबत असली तर तिलाच विचारावं.' कोणाला आधी सोडायचं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, कोणापुढे सुईचं नाव आधी काढायचं नाही, हा सगळा कारभार त्या ओळींवर चाले. एरवी मांजरालाही 'अहो, जरा सरका' म्हणणारे काका पेन्सिलीत मात्र सगळ्यांना एकेरीवर घेत. खोडता येतं या भरवशावर माणूस जरा धीट होतो.

सहा वर्षांपूर्वी, म्हणजे सोयरीक कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यांनी विहीणबाईंच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'मोठी काळी पिशवी. दोनच मिनिटं म्हणते, पाऊण तास घेते. पाय दुखत नाही, ऐकणारं कोणी नाही. हिला शेवटी सोडावं.'

मुलाकडची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा काका नेहमीप्रमाणे मान खाली घालून बसले होते. समोरच्या टेबलावर एक मोठी काळी पिशवी येऊन बसली, आणि काकांच्या हातातला चहा बशीत सांडला. पण पेशंटला चारचौघांत ओळख दाखवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते परक्यासारखे गप्प राहिले. शेवटी पिशवीची मालकीणच म्हणाली, "मी तुमच्याच दवाखान्यात येते की. सहा वर्षं झाली."

"असं?" काका म्हणाले.

त्या 'असं'वरून पाहुणे गेल्यावर काकूंनी त्यांची हजेरी घेतली. "सहा वर्षं बाई खिडकीवर येते आणि हे म्हणतात, असं. कशी आहे हो ती? रागीट आहे का? दुखणं काय आहे तिला?"

"ते गोपनीय आहे."

"तुमच्या लेकीला तिच्या घरात राहायचंय."

"तरी गोपनीय आहे."

पुढे पंधरा दिवसांत दवाखान्याने रुग्णांच्या नोंदींसाठी नियम करायचे ठरवले. काकांचं वाचन दांडगं आणि अक्षर मोत्यासारखं, म्हणून डॉक्टरबाईंनी ते काम त्यांच्यावरच सोपवलं. काकांनी चार दिवस बसून नऊ कलमं लिहिली. त्यातलं सहावं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी मनाच्या टोचणीने घातलं: 'कर्मचाऱ्याने आपल्या नातेवाइकाच्या किंवा होणाऱ्या नातेवाइकाच्या फाईलला हात लावू नये.' त्या दिवसापासून विहीणबाईंची फाईल सिस्टरच काढी, सिस्टरच ठेवी. बाकीच्यांचे पुठ्ठेही काकांनी त्याच टोचणीपायी उघडायचे सोडले, ओळी तोंडपाठच होत्या. काकांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आपण आपल्याच हाताने आपल्याला कुलूप घातलंय, हे त्यांना मंगळवारी सकाळी कळलं.

अर्ज घेऊन ते सिस्टरच्या टेबलाशी गेले. सिस्टर तिशीची, कामाला वाघ, आणि लिहिलेला प्रत्येक नियम पाळण्यासाठीच असतो अशा समजुतीची होती. नव्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असे.

"ही फाईल जरा बघायला हवी होती," काका म्हणाले.

तिने रजिस्टर पुढे सरकवलं. "कलम चार. कारण लिहा."

काकांनी पेन उचललं, विचार केला, आणि 'तपासणी' असं लिहिलं.

"कसली तपासणी?"

"आपली… साधी. पानं वगैरे."

"पानं मी मोजली. एकोणतीस आहेत." सिस्टरने अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं. "आणि काका, या तुमच्या विहीणबाई ना? मग कलम सहा आडवं येतं. अक्षर तुमचंच आहे, मी नाही लिहिलेलं."

"नक्कल नुसती आतल्या पानांचीच द्यायची असेल ना? पुठ्ठ्याची काय गरज."

"कलम तीन. पुठ्ठ्यासकट." तिने मान वर केली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसा, पाणी देते."

काका पाणी प्यायले आणि परत आपल्या खिडकीशी जाऊन बसले. दिवसभर त्यांनी फायली दिल्या, पण एका दातदुखीवाल्याला डोळ्यांच्या रांगेत आणि एका तान्ह्या बाळाला रक्तदाबाच्या रांगेत बसवलं.

एक वाजता डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर गेल्या. सिस्टर डबा खायला बसली, आणि कधी नव्हे ती किल्ली कपाटालाच लटकत राहिली. काकांनी इकडे तिकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी वाचनालयाचं पुस्तकसुद्धा एक दिवस उशिरा परत केलं नव्हतं. त्यांनी एका हातात फडकं घेतलं, म्हणजे कोणी आलंच तर धूळ झटकतोय म्हणता येईल, आणि दुसऱ्या हातात खोडरबर. फाईल सापडली. पुठ्ठा उघडून, आतलं पान दिसू नये म्हणून त्यावर फडकं टाकून, ते कोपऱ्यात रबर घासू लागले. चोरी करतानाही कलम सहाचा मान राखावा, इतपत शुद्ध त्यांना होती.

रबर घासलं. अक्षर हललं नाही. अजून जोर लावला. रबराचा एक तुकडा पडला, पण ओळ होती तशीच ठसठशीत. काकांनी डोळे जवळ नेले. ओळ निळी होती. तिच्याखाली सिस्टरची छोटी सही होती आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

"रबराने शाई जात नाही, काका," मागून आवाज आला. सिस्टर हात पुसत दारात उभी होती.

"ही शाई कुठून आली?"

"मी केली. कलम दोन. 'फाईलमधली कोणतीही नोंद पेन्सिलीत असू नये, सर्व नोंदी शाईत असाव्यात.' तुम्हीच तर लिहिलंत. तीन दुपारी बसले होते. चारशे अकरा फायली. तुमच्या प्रत्येक अक्षरावरून पेन फिरवलं, काना मात्रा इकडचा तिकडे नाही."

काका स्टुलावर बसले. "चारशे अकरा?"

"चारशे बारा असत्या. एकीला उंदीर लागला होता."

"सिस्टर, त्या नोंदी नव्हत्या हो. त्या माझ्या… आठवणी होत्या."

"आता नोंदी आहेत," सिस्टर म्हणाली, आणि रजिस्टर पुढे केलं. "कपाट उघडलंत, कारण लिहा."

काकांनी लिहिलं: 'धूळ.'

मग त्यांच्या मनात आलं की सरळ डॉक्टरबाईंच्या पायावर लोटांगण घालावं. ते वर गेलेही. पण डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार बंद होतं, आणि दारावर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेला कागद होता: 'आत रुग्ण असताना दार वाजवू नये.' काका दहा मिनिटं उभे राहिले आणि खाली आले.

घरी गेल्यावर काकूंनी पहिलंच वाक्य टाकलं. "विहीणबाईंचा फोन होता. उद्या अकराला दवाखान्यात काहीतरी काम आहे म्हणाल्या, ते झालं की संध्याकाळी इकडे येतात. दोनच मिनिटं."

काकांचा घास हातातच राहिला.

"दवाखान्यात काय काम असेल हो?"

"मला काय माहीत."

"तुम्हाला नाही तर कोणाला माहीत? आवाज काही बरा नव्हता त्यांचा. म्हणाल्या, लग्नाआधी एक गोष्ट मनातून काढून टाकायचीय." काकूंनी आमटीची पळी भांड्यात ठेवली. "अहो, तुम्ही काही केलंत का?"

लेक पुस्तकातून मान वर करून बघत होती. तिची नजर बापावर गेली. तिचा स्वभावही बापासारखाच, बोलायचं कमी. एवढंच म्हणाली, "बाबा, काही असलं तर सांगा. आम्ही दोघं समजून घेऊ." 'आम्ही दोघं' म्हणताना तिच्या गालावर जे आलं ते बघून काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण काय लिहिलं ते सांगायचं, तर ते कशावरून लिहिलं हेही सांगावं लागणार, आणि ती तर पेशंटची खासगी बाब. स्वतःचा गुन्हा कबूल करायलाही नियम आड येत होता.

"भूक नाही," ते म्हणाले.

"बघ," काकू लेकीला म्हणाल्या, "नक्की काहीतरी केलंय."

बुधवारी अकराला पाच कमी असताना खिडकीच्या फळीवर काळी पिशवी आली. काकांनी वर पाहिलं नाही. पिशवीचा पट्टा हाताच्या मुठीत आवळून धरलेला होता, बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"मी अर्ज केला होता," विहीणबाई म्हणाल्या. गेल्या महिन्यापर्यंत त्या 'अहो फायलीवाले' म्हणत. आता काय म्हणावं ते न सुचून त्यांनी काहीच म्हटलं नाही.

सिस्टर दोघांना बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेली. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा.

"हे कशाला?" विहीणबाईंनी काकांकडे बोट केलं.

"नक्कल खरी असल्याची सही यांची लागते. हात लावायचा नाही, हजर राहायचं," सिस्टर म्हणाली आणि तिने टेबलावर फाईल उघडली. डावीकडे पुठ्ठ्याची आतली बाजू, उजवीकडे सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात अलीकडचं पान.

त्या क्षणी दोन गोष्टी एकदम झाल्या. काकांनी आपला तळहात डाव्या कोपऱ्यावर ठेवला. विहीणबाईंनी आपला तळहात उजव्या पानावर ठेवला. दोघंही एकमेकांकडे न बघता तसेच बसून राहिले, कोर्टात शपथ घेत असल्यासारखे.

"हात काढा," सिस्टर म्हणाली. "दोघांनीही."

"आधी त्यांना बाहेर पाठवा," विहीणबाई म्हणाल्या. "मला हे एवढंच पान हवंय. बाकीची फाईल तुम्हाला लखलाभ. हे पान काढून द्या मला."

"पान काढता येत नाही. कलम सात."

"कोणी लिहिलीत ही कलमं?"

सिस्टरने काकांकडे पाहिलं. विहीणबाईंनीही पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांचं लक्ष काकांच्या तळव्याकडे गेलं. "तुम्ही काय झाकलंय?"

सत्तावीस वर्षांत प्रथमच काकांना फळीच्या वरचं बघावं लागलं. वर एक चेहरा होता. थकलेला, गोल, जरा घाबरलेला. काकांनी हात काढला.

विहीणबाईंनी पिशवीतून चष्मा शोधला. त्यात बराच वेळ गेला, कारण पिशवी खरोखरच मोठी होती. मग ओळींवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं. "मोठी काळी पिशवी. दोनच मिनिटं म्हणते." त्या थांबल्या. "म्हणते?" पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग सिस्टरकडे वळल्या. "ही सही तुमची?"

"अक्षरावरचं पेन माझं. मजकूर यांचा."

"मी लिहिलं," काका म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी. चुकलं माझं. माझ्या चुकीची शिक्षा मुलांना देऊ नका, एवढंच म्हणणं आहे."

विहीणबाई काही बोलल्या नाहीत. काकांच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. 

"म्हणजे तुम्ही मला मुद्दाम शेवटी ठेवायचात," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं. मी दहाला येऊन बसायचे आणि नंबर लागायचा सव्वाबाराला. मला वाटायचं या माणसाचं माझ्याशी काय वाकडं आहे."

"मागे कोणी असलं की डॉक्टरबाई घड्याळ बघतात. मागे कोणी नसलं की बघत नाहीत. म्हणून."

"ते खरं," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी कधी घड्याळ बघितलं नाही त्यांनी. मी म्हणायचे, बाई स्वभावाने फार चांगल्या." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि अचानक सावध झाल्या. "आणि हे पान? हे वाचलंत तुम्ही?"

"नाही."

"खरं सांगा. फायली तुमच्याच ताब्यात."

"लग्न ठरल्यापासून फाईलला हात लावला नाही," काका म्हणाले. मग प्रामाणिकपणा आड आला. "काल एकदा लावला. पण पानावर फडकं टाकलं होतं."

"खरं आहे," सिस्टर म्हणाली. "मी बघितलं."

"म्हणजे मी उगाचच अर्ज केला," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. पिशवीही त्यांनी मांडीवरून खाली ठेवली. "इतके दिवस झोप नाही मला. म्हटलं, या माणसाने ते पान वाचलं तर काय म्हणेल. म्हणून म्हटलं, लग्नाआधी काढूनच घ्यावं. आता नाही वाचलं ना, मग वाचूच नका. त्यात काही विशेष नाही तसं. दोनच मिनिटं सांगते तुम्हाला."

सिस्टर म्हणाली, "तुम्हाला सांगायची सक्ती नाही. ते गोपनीय आहे."

"अहो, माझंच आहे ना. मी सांगते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. नवरा गेल्यापासून घरात मुलगा एकटाच. तो सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो, आल्यावर 'जेवलीस का' आणि 'दमलोय' एवढंच बोलतो. मग लग्न ठरलं. आनंद झाला. पण त्याच आठवड्यापासून छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, कशाची काळजी वाटते? तेव्हा यांनी जे सांगितलं ते बाईंनी जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि ते लिहिताना बघूनच यांची धडधड दुप्पट झाली. एवढं सांगायला अर्धा तास गेला, मग त्यांनी स्वतःच ते पान काकांपुढे फिरवलं.

"हात लावू नका, नुसतं वाचा," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरबाईंच्या धावत्या अक्षरात लिहिलं होतं: 'धडधड, झोप कमी. मुलाच्या सासऱ्यांची भीती वाटते. म्हणतात, तो माणूस तोंडावर काही बोलत नाही, सगळं मनात लिहून ठेवतो.'

काकांनी ते वाचलं, आणि कोपऱ्यातल्या आपल्या निळ्या ओळींकडे पाहिलं. विहीणबाईंनीही तिकडेच पाहिलं.

"बघा," त्या म्हणाल्या, "मी काही खोटं बोलले नव्हते."

काकांना काय झालं कोणास ठाऊक, पण ते हसले. आवाज फार झाला नाही, पण खांदे हलले. विहीणबाईंनी आधी रागाने बघितलं, मग त्यांच्या पायाला टेकलेली पिशवीही हलायला लागली. सिस्टर तेवढी गंभीर राहिली. हसण्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नव्हतं.

"यातलं काही खोडता येत नाही," ती म्हणाली. "पण कलम आठप्रमाणे रुग्णाला आपलं म्हणणं खाली लिहिता येतं. शाईत."

विहीणबाईंनी पेन घेतलं. काकांच्या ओळींखाली, मोठ्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: 'पाय खरंच दुखतो.' सही केली, तारीख घातली.

"पाय दुखतो?" काकांनी विचारलं.

"सहा वर्षं. पण त्याबद्दल बोलायला कधी वेळच उरला नाही."

सिस्टरने ताबडतोब पायाच्या तपासणीची चिठ्ठी फाडली. काका उठता उठता म्हणाले, "पुढच्या वेळेपासून तुमचा नंबर पहिला लावायला सांगतो."

विहीणबाईंनी क्षणभर विचार केला. "नको. शेवटचाच राहू द्या. मागे कोणी खोळंबलेलं असलं की माझं लक्ष लागत नाही." आणि दारातून वळून म्हणाल्या, "संध्याकाळी येतेच, व्याही. दोनच मिनिटं."

संध्याकाळी त्या आल्या. बाहेरच्या खोलीत टेबलावर पिशवी बसली, समोर लेक बसली, आणि लेकीला नुसतं ऐकत बसायची सवय जन्मापासून होती, त्यामुळे दोघींचं झकास जमलं. स्वयंपाकघरात काकू काकांना कोपऱ्यात गाठून खालच्या आवाजात विचारत होत्या, "दवाखान्यात काय झालं?"

"ते गोपनीय आहे."

"मनातून काय काढायचं होतं त्यांना?"

"तेही."

"बरं, ते राहू द्या. मला सातला बाहेर जायचंय. एवढं तरी सांगा, बाई किती वेळ बसणार आहे?"

काकांनी दाराच्या फटीतून काळ्या पिशवीकडे पाहिलं.

"पेशंटबद्दल मला काही बोलता येत नाही," ते म्हणाले, आणि चहाच्या भांड्यात त्यांनी आणखी चार कप पाणी ओतलं.